प्रतिपिंडांना दिवा लावणारा डॉक्टर

ल्युपसच्या संशयावरून केलेली एएनए तपासणी, मूत्रपिंडाच्या बायॉप्सीचा अहवाल, एचआयव्हीबाधित रुग्णाच्या सीडी-४ पेशींची मोजणी, आणि मेलेल्या कुत्र्याला रेबीज होता का हे ठरवणारी चाचणी. या चार तपासण्या चार वेगवेगळ्या ठिकाणी होतात आणि त्यांचे अहवालही वेगवेगळ्या डॉक्टरांच्या टेबलावर जातात. मात्र चौघींच्या मुळाशी युक्ती एकच आहे. प्रतिपिंडाला, म्हणजे अँटिबॉडीला, चमकणारा रंग जोडायचा, ते आपल्या लक्ष्याला जाऊन चिकटू द्यायचे आणि मग अंधारात उजेड कुठे दिसतो ते पाहायचे.

ही युक्ती १९३९ च्या उन्हाळ्यात एका २७ वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरला सुचली. त्यांचे नाव अल्बर्ट ह्युइट कून्स. गंमत अशी, की त्यांना या चारपैकी एकही तपासणी शोधायची नव्हती. घसा दुखून बरा झालेल्या मुलांचे हृदय काही आठवड्यांनी का बिघडते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

घसा आणि हृदय

कून्स यांचा जन्म २८ जून १९१२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्लोव्हर्सव्हिल या गावी झाला. हातमोजे शिवण्याच्या धंद्यावरूनच या गावाला हे नाव पडले होते. विल्यम्स कॉलेजातून पदवी घेऊन ते बोस्टनच्या हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि १९३७ मध्ये डॉक्टर झाले. पुढची दोन वर्षे त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये निवासी डॉक्टर म्हणून काढली.

त्या काळी बोस्टनमध्ये संधिज्वर, म्हणजेच ऱ्हुमॅटिक फीवर, हे मुलांच्या आजारपणाचे आणि मृत्यूचे एक मोठे कारण होते. शहरातील हाउस ऑफ द गुड समॅरिटन या रुग्णालयात अशी मुले महिनोन्महिने अंथरुणाला खिळून असत. आजाराची चाल ठरलेली होती. आधी स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखायचा आणि तो चार दिवसांत बराही व्हायचा. दोन-तीन आठवडे गेले की ताप यायचा. गुडघा सुजायचा, तो उतरला की घोटा, मग मनगट. सांधे पुढे पूर्ववत होत, पण काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होत. पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोहोचलेले नव्हते.

कोडे असे होते, की जंतू घशात असतात, मग हृदय का बिघडते? अशा रुग्णांच्या हृदयात पेशींचे बारीक पुंजके दिसतात, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ लुडविग आशॉफ यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले होते. हे पुंजके ‘आशॉफच्या गाठी’ म्हणून ओळखले जातात. त्या कशाने होतात याबद्दल एक मत प्रचलित होते. जंतूंचे काही अंश रक्तातून हृदयात येऊन अडकत असावेत, शरीराने त्या जंतूंविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे तिथे येऊन त्यांना भिडत असावीत आणि या झटापटीत हृदयाच्या ऊतींची हानी होत असावी, असे ते मत. तर्काला ते पटण्यासारखे होते. फक्त ते तपासून पाहण्याचा मार्ग कोणाजवळ नव्हता.

१९३९ च्या उन्हाळ्यात कून्स सुट्टीसाठी बर्लिनला गेले. दुसरे महायुद्ध काही आठवड्यांवर येऊन ठेपले होते. हाताशी मोकळा वेळ होता, आणि त्यांचे मन या गाठींभोवती घोळू लागले. हृदयात जंतूंचे अंश खरोखर आहेत की नाहीत, हे कोणीच डोळ्यांनी पाहिलेले नाही आणि पाहू शकतही नाही, ही उणीव त्यांना तिथे प्रकर्षाने जाणवली. नेहमीच्या रंगद्रव्यांनी पेशी दिसतात, पण पेशीत दडलेला एखाद्या विशिष्ट जंतूचा एखादा विशिष्ट अंश त्यांनी वेगळा काढता येत नाही. तो नेमका ओळखणारी एकच गोष्ट निसर्गाने बनवली आहे, ती म्हणजे प्रतिपिंड. प्रत्येक प्रतिपिंड ठरावीक आकाराच्या प्रतिजनालाच चिकटते, जशी एका कुलपाला एकच किल्ली लागते. मग त्या किल्लीलाच रंग दिला तर? ऊतीच्या कापावर ती टाकावी, न चिकटलेली धुऊन काढावी आणि उरलेला रंग कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधावे.

रंग पुरेना

प्रतिपिंडाला रंग जोडण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. इंग्लंडमधील जॉन मॅरॅक यांनी १९३४ मध्ये प्रतिपिंडांना लाल रंग जोडून दाखवला होता. ती प्रतिपिंडे जंतूंच्या दाट द्रावणात मिसळली की जंतूंच्या गुठळ्या रंगीत दिसत. म्हणजे रंग जोडल्यावरही प्रतिपिंडाची ओळखशक्ती शाबूत राहते, एवढे सिद्ध झाले होते.

परीक्षानळीत कोट्यवधी जंतू एकत्र असताना रंग दिसणे ही एक गोष्ट आणि ऊतीच्या एका पातळ कापात, एका पेशीच्या कोपऱ्यात तो दिसणे ही दुसरी. एका प्रतिपिंडाला रंगाचे मोजकेच रेणू जोडता येतात; जास्त जोडले तर त्याची लक्ष्य ओळखण्याची क्षमताच जाते. एवढ्याशा रंगाने पांढऱ्या उजेडातली पेशी जेमतेमही रंगत नाही. बोस्टनला परतल्यावर कून्स यांच्याही हे लक्षात आले. साधा रंग या कामाला पुरणार नव्हता.

उपाय होता तो अनुस्फुरणाचा, म्हणजे फ्लुओरेसन्सचा. काही पदार्थांवर अतिनील किंवा निळा प्रकाश टाकला, की ते तो शोषून घेतात आणि वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. बँकेत रोखपाल नोट अतिनील दिव्याखाली धरतो आणि नोटेतले एरवी न दिसणारे तंतू चमकून उठतात, तो हाच प्रकार. याचा मोठा फायदा असा, की आजूबाजूला अंधार ठेवता येतो. आकाशात तारे दिवसाही असतात, पण डोळ्याला दिसतात ते रात्रीच. साधा रंग म्हणजे दिवसाचा तारा, तर चमकणारा रंग म्हणजे रात्रीचा.

कून्स हार्वर्डच्या जंतुशास्त्र विभागात जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. याच एंडर्स यांना पुढे पोलिओच्या विषाणूवरील कामासाठी १९५४ चे नोबेल मिळाले. मात्र प्रथिनाला रसायन जोडणे हे डॉक्टरचे काम नव्हते. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ हवे होते. ते हार्वर्डमध्येच लुइस फीझर यांच्या प्रयोगशाळेत सापडले. तिथे ह्यू क्रीच आणि नॉर्मन जोन्स हे दोघे कर्करोग निर्माण करणारी रसायने प्रथिनांना जोडण्याचे प्रयोग करत होते. यांपैकी काही रसायने अतिनील प्रकाशात चमकत. कून्स यांना हवे असलेले तंत्र कर्करोगाच्या संशोधनासाठी आधीच तयार होत आले होते, आणि तेही आपल्याच विद्यापीठात.

या तिघांनी न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांना अँथ्रासीन हे रसायन जोडले. प्रकार तीनच्या न्यूमोकोकस जंतूंवर ती प्रतिपिंडे टाकल्यावर जंतू अतिनील प्रकाशात निळे चमकू लागले. १९४१ मध्ये हा छोटा निबंध प्रसिद्ध झाला.

आनंद फार काळ टिकला नाही. उंदराच्या ऊतीवर प्रयोग करताच नवीच अडचण पुढे आली. प्राण्यांच्या ऊती अतिनील प्रकाशात मुळातच निळसर चमकतात. निळ्या उजेडात निळा दिवा शोधायचा कसा? दुसरा रंग शोधणे भाग होते. निवड झाली ती फ्लुओरेसीनची. अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवलेले हे रसायन पोपटी हिरव्या रंगात चमकते. नेत्रतज्ज्ञ बुबुळावरची जखम पाहण्यासाठी डोळ्यात जो पिवळसर रंग घालतात, तो हाच. ऊतींच्या निळसर पार्श्वभूमीवर हा हिरवा रंग स्पष्ट उठून दिसतो, शिवाय माणसाचा डोळाही हिरव्या रंगाच्या बाबतीत सर्वांत तीक्ष्ण असतो.

मात्र फ्लुओरेसीन प्रथिनाला चिकटेल अशा रूपात आणायचे तर फॉस्जीन वापरावा लागे. हा वायू पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारण्यासाठी सोडला गेला होता. शिवाय इतका खटाटोप करून मिळालेले संयुग टिकाऊ नव्हते. तरीही हे काम तडीस गेले. १९४२ मध्ये कून्स, क्रीच, जोन्स आणि अर्न्स्ट बर्लिनर यांनी उंदरांच्या ऊतींत न्यूमोकोकसचा अंश नेमका कोणत्या पेशींनी गिळला आहे, हे हिरव्या चमकेने दाखवून दिले. शरीरात शिरलेल्या जंतूचा एक विशिष्ट घटक पेशीच्या आत असताना माणसाच्या डोळ्याला पहिल्यांदाच असा दिसला होता.

त्याच वर्षी कून्स सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. युद्धाची पुढची वर्षे त्यांनी पॅसिफिकच्या आघाडीवर काढली. बोस्टनमधले काम थांबले.

खोट्या उजेडाशी झगडा

१९४६ मध्ये कून्स हार्वर्डला परतले आणि त्यांनी ते काम जिथे सोडले होते तिथूनच पुन्हा हाती घेतले. त्यांच्या सोबतीला मेल्विन कॅप्लन हे तरुण संशोधक आले. त्यांची पुढची काही वर्षे ज्या कामात गेली ते बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल, पण ही पद्धत विश्वासार्ह झाली ती त्याच कामामुळे.

पहिला प्रश्न ऊती जपण्याचा होता. नेहमीच्या पद्धतीत ऊती फॉर्मलिनमध्ये ठेवतात, गरम मेणात बुडवतात आणि मग कापतात. या सोपस्कारात प्रतिजनांचा आकार बिघडतो आणि किल्ली कुलपाला बसेनाशी होते. म्हणून त्यांनी ऊती गोठवून थंड पेटीतच त्यांचे पातळ काप घेण्याचा मार्ग धरला. मूत्रपिंडाची बायॉप्सी करताना एक तुकडा आजही फॉर्मलिनमध्ये न टाकता वेगळा पाठवला जातो, तो याच कारणाने.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. चमक नको तिथेही दिसायची. रंग जोडलेल्या प्रथिनांपैकी काही ओळख वगैरे न पाहता ऊतीला नुसतीच चिकटत. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा ठिपका दिसला, की तो खरा की खोटा हे कसे ठरवायचे? ज्याला आपला सिद्धांत सिद्ध झालेला पाहायचा आहे, त्याला अशा वेळी प्रत्येक ठिपका खराच वाटतो.

कून्स आणि कॅप्लन यांनी यावर दोन उपाय केले. एक म्हणजे, प्रतिपिंडांचे द्रावण वापरण्याआधी ते सुकवलेल्या यकृताच्या पावडरीत घोळून काढायचे. कशालाही चिकटणारी प्रथिने पावडरीलाच चिकटून बाजूला होत आणि नेमकी ओळख असलेली प्रतिपिंडे द्रावणात उरत. दुसरा उपाय पडताळणीचा. ऊतीच्या एका कापावर आधी रंग न जोडलेली प्रतिपिंडे टाकायची आणि मग रंगीत. एसटीच्या सीटवर आधीच कोणी रुमाल टाकून ठेवावा, तशी साध्या प्रतिपिंडांनी सगळी जागा अडवलेली असते. तरीही काप तितकाच चमकला, तर ती चमक खोटी समजायची. प्रतिजन नसलेल्या ऊतीचा कापही सोबत ठेवायचा आणि तो अंधारात राहतो याची खात्री करायची. असा प्रत्येक निष्कर्षामागे पडताळणीच्या कापांचा पहारा असे.

१९५० मध्ये ही सुधारलेली पद्धत प्रसिद्ध झाली. त्या मालिकेतील निबंधांत टायफसच्या गटातील जंतू आणि गालगुंडाचा विषाणू ऊतींमध्ये कुठे असतात, हेही दाखवलेले होते. आता इतर प्रयोगशाळाही हे तंत्र उचलू लागल्या.

कांजिण्या, नागीण आणि एक मधला निरोप्या

आणखी एक अडचण उरली होती. प्रत्येक जंतूसाठी वेगळे प्रतिपिंड, आणि त्या प्रत्येकाला रंग जोडण्याची तीच कटकट. यावरचा तोडगा साधा आहे. रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे रंग न जोडता तशीच वापरायची. ती लक्ष्याला चिकटली, की वरून दुसरे प्रतिपिंड टाकायचे, जे मानवी प्रतिपिंडांनाच ओळखते. रंग फक्त या दुसऱ्याला जोडायचा. एकदा असे एक रंगीत प्रतिपिंड हाताशी असले, की कोणत्याही रुग्णाच्या रक्तात कोणत्याही जंतूविरुद्धचे प्रतिपिंड शोधता येते.

१९५४ मध्ये कून्स यांनी थॉमस वेलर यांच्यासोबत या अप्रत्यक्ष पद्धतीने कांजिण्या आणि नागीण या दोन आजारांचे विषाणू तपासले. कांजिण्या लहानपणी येतात, तर नागीण बहुधा उतारवयात उठते. दोन्ही आजारांतील विषाणू प्रयोगशाळेत वाढवले तर एका आजाराच्या रुग्णाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या विषाणूलाही ओळखतात, असे दिसले. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणूच शरीरात दबा धरून बसतो आणि पुढे नागीण होऊन उठतो, या आज सर्वमान्य असलेल्या गोष्टीचा हा एक भक्कम पुरावा ठरला.

प्रतिपिंडे बनतात कुठे?

कून्स यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग कदाचित या पुढचा आहे. प्रतिपिंडे रक्तात असतात हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. पण ती बनवते कोण? कोणी जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशींकडे बोट दाखवी, कोणी लिम्फोसाइटकडे, तर स्वीडनच्या ॲस्ट्रिड फॅग्रेयस यांनी १९४८ मध्ये प्लाझ्मा पेशींचे नाव पुढे केले होते. बनवणारी पेशी तिच्या कामात गुंतलेली असताना कोणी पाहिली नव्हती.

कून्स यांनी एलिझाबेथ लेड्युक आणि जीन कॉनोली यांच्यासह आपल्या युक्तीची अदलाबदल केली. सशाला एक परके प्रथिन टोचायचे. काही दिवसांनी त्याच्या लसिका गाठीचा काप घ्यायचा. कापावर तेच प्रथिन टाकायचे. ज्या पेशींच्या आत त्याविरुद्धचे प्रतिपिंड असेल तिथे ते अडकून बसेल. मग त्या प्रथिनाला ओळखणारे रंगीत प्रतिपिंड टाकायचे. खाली पेशीतले प्रतिपिंड, मध्ये प्रथिन आणि वर चमकणारे प्रतिपिंड, अशी ही सँडविचसारखी रचना.

१९५५ मध्ये आलेले निष्कर्ष पाहण्यासारखे होते. पहिल्या टोचणीनंतर सशाच्या गुडघ्यामागच्या गाठीत चमकणाऱ्या पेशी मोजक्याच दिसल्या. तेच प्रथिन दुसऱ्यांदा टोचल्यावर मात्र त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली, आणि पूर्ण वाढलेल्या चमकदार पेशी प्लाझ्मा पेशीच होत्या. बाळाला लसीचा एकच डोस का पुरत नाही आणि बूस्टर का द्यावा लागतो, या प्रश्नाचे उत्तर त्या कापांत डोळ्यांना दिसत होते. शरीराला पहिल्या भेटीची आठवण राहते आणि दुसऱ्या भेटीला ते फौज घेऊन येते.

१९५८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातील संशोधकांनी फॉस्जीनशिवाय वापरता येणारे आणि टिकाऊ असे फ्लुओरेसीनचे नवे रूप बनवले. त्यानंतर हे तंत्र साध्या प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आले. त्याआधीच १९५७ मध्ये ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातील, स्वतःच्याच पेशीकेंद्रकांवर उलटणारी प्रतिपिंडे या पद्धतीने दाखवली गेली होती. आजची एएनए चाचणी तिथून सुरू झाली. १९५८ मध्ये रेबीजची चाचणी आली आणि जनावराच्या मेंदूतील विषाणूचे निदान काही तासांत होऊ लागले. त्याआधी उंदरांना टोचून दिवस-दिवस वाट पाहावी लागे. कुत्रा चावलेल्या माणसासाठी हा फरक किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको.

कून्स यांना १९५९ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९६२ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. नोबेल मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. आयुष्यभर ते हार्वर्डमध्येच राहिले आणि १९७८ मध्ये, ६६ वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले.

मूळ प्रश्नाचे काय झाले?

ज्या कोड्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्याचे उत्तर बर्लिनमध्ये कल्पिले होते त्या वाटेने आलेच नाही. पुढची मोठी पायरी चढले ते त्यांचे जुने सहकारी मेल्विन कॅप्लन, आणि तीही याच चमकणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने. १९६० च्या दशकात त्यांनी दाखवले, की स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची काही प्रतिपिंडे हृदयाच्या स्नायूलाही चिकटतात. म्हणजे हृदय बिघडण्यासाठी जंतूने तिथे जाऊन बसण्याची गरज नाही. जंतूच्या आणि हृदयाच्या काही घटकांत साम्य आहे आणि जंतूसाठी बनवलेली किल्ली चुकून आपल्याच कुलपाला लागते. या प्रक्रियेत टी पेशींचाही मोठा वाटा असतो, हे पुढच्या संशोधनातून कळले.

सारख्या दिसणाऱ्या पेशींची ओळख

या टी पेशी ओळखण्याची सोयही कून्स यांच्या युक्तीनेच करून दिली. रक्ताचा थेंब काचेवर पसरून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सगळे लिम्फोसाइट सारखेच दिसतात: गोल पेशी, आत गडद केंद्रक. त्यांतील काही प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कुळातील बी पेशी असतात, तर काही टी पेशी. दिसायला जुळे आणि कामाला वेगळे. दोन्ही गटांच्या पृष्ठभागावरील रेणू मात्र वेगळे असतात. १९७० मध्ये लंडनमधील मार्टिन रॅफ यांनी चमकणाऱ्या प्रतिपिंडांनीच उंदरांच्या रक्तातील हे दोन गट एकमेकांपासून वेगळे ओळखून दाखवले.

एकेक पेशी डोळ्याने पाहून मोजणे मात्र कष्टाचे काम होते. स्टॅनफर्डचे लिओनार्ड हर्झेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये त्यासाठी यंत्र बनवले. त्यात पेशी बारीक धारेतून एकामागे एक जातात, प्रकाशाच्या झोतासमोरून जाताना चमकतात आणि यंत्र प्रत्येक चमकेची नोंद घेते. यालाच फ्लो सायटोमीटर म्हणतात. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याचे तंत्र शोधले. त्यामुळे यकृताच्या पावडरीने ज्यांना आवर घालावा लागे अशी सरमिसळ द्रावणे मागे पडली. १९८२ मध्ये समुद्रातील लाल शेवाळापासून मिळणारे नारिंगी चमकणारे द्रव्य हाती आले. मग एकाच पेशीवर दोन, तीन, चार रंगांच्या खुणा एकाच वेळी करता येऊ लागल्या. आज संशोधन प्रयोगशाळांत एकेका पेशीवर डझनांनी खुणा केल्या जातात. रक्ताच्या कर्करोगाचा नेमका प्रकारही याच खुणांवरून ठरतो.

१९८१ मध्ये अमेरिकेत तरुण पुरुषांत एक अनोळखी, जीवघेणा आजार दिसू लागला. त्यांच्या रक्तात टी पेशींचा एक ठरावीक गट जवळजवळ नाहीसा झालेला आहे, हे या नव्या प्रतिपिंडांमुळे लगेच कळले. हाच गट आज सीडी-४ म्हणून ओळखला जातो आणि तो आजार म्हणजे एड्स. भारतात १ एप्रिल २००४ रोजी निवडक सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरील मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा औषधे कधी सुरू करायची हे प्रामुख्याने सीडी-४ च्या आकड्यावरून ठरत असे. निरोगी प्रौढ व्यक्तीत हा आकडा रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे साधारण ५०० ते १५०० असतो. २०० च्या खाली गेला की गंभीर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. २०१७ पासून आकडा कितीही असला तरी निदान होताच औषधे सुरू केली जातात. तरीही उपचाराच्या सुरुवातीला रुग्ण किती धोक्यात आहे हे पाहण्यासाठी ही मोजणी केली जाते.

चमक दिसली म्हणजे आजार नव्हे

आज या तपासण्या करून घेणाऱ्यांनी कून्स यांच्या कामातील एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्यांनी जितकी वर्षे चमक निर्माण करण्यात घालवली, तितकीच खोटी चमक ओळखण्यात घालवली. सांधे दुखतात म्हणून एएनए चाचणी केली, अहवालात ‘पॉझिटिव्ह’ आले आणि ल्युपस झाला या भीतीने घरातल्यांची झोप उडाली, असे प्रसंग वारंवार घडतात. प्रत्यक्षात १:४० या कमी पातळीवर तपासले तर निरोगी माणसांपैकीही जवळपास तिघांतल्या एकाची ही चाचणी पॉझिटिव्ह येते. पातळी किती आहे, पेशीत चमक कोणत्या आकृतीत दिसते, इतर रक्त तपासण्या काय सांगतात आणि मुख्य म्हणजे रुग्णाला नेमका कोणता त्रास आहे, हे सगळे जुळल्याशिवाय त्या अहवालाला अर्थ येत नाही. तसेच ज्या रुग्णाला लक्षणे नाहीत, त्याने केवळ शंकेपोटी ही तपासणी करून घेऊ नये.

संधिज्वर श्रीमंत देशांतून बहुतांशी गेला. भारतात तो अजून आहे, आणि तरुण वयात झडपेची शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या अनेकांच्या आजाराचे मूळ लहानपणीच्या घशाच्या दुखण्यात असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा तापासह दुखत असेल, गिळायला त्रास होत असेल आणि गळ्यात गाठी आल्या असतील, तर डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी दिलेली प्रतिजैविके ठरलेले सर्व दिवस द्यावीत. एकदा संधिज्वर झालेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी मिळणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन सांधे बरे झाले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. बोस्टनच्या त्या मुलांसाठी हे औषध उपलब्ध नव्हते. आज ते सरकारी रुग्णालयांतही दिले जाते.